डोळ्यांचा दाब आणि मनावरचा ताण

शाळेत आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या बाईंचा मागे एके दिवशी दूरध्वनी आला. बाई आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. यजमानांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्या डोळे तपासायला गेल्या आणि तेथे काचबिंदूचे निदान झाले. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब औषध घालायचे आणि ठराविक महिन्यांनी तपासणीला यायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पुढे शेजारच्या एका हितचिंतक स्त्रीने त्यांना एक पुस्तिका दिली, एका शिबिरालाही नेले. 'काचबिंदू म्हणजे मनात साठलेला, वर्षानुवर्षे न सोडलेला राग. ज्यांनी दुखावले त्यांना क्षमा करा, डोळ्यांतला दाब आपोआप उतरेल. औषध मनाला परावलंबी बनवते', असे तेथे सांगण्यात आले. बाईंनी मनोभावे क्षमा केली आणि औषध बंद केले. आठ महिन्यांनी जिन्याची पायरी दिसली नाही म्हणून पाय घसरला, तेव्हा त्या पुन्हा तपासणीला गेल्या. दृष्टीचे क्षेत्र बरेच आक्रसले होते. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती.

दूरध्वनीवर त्यांनी विचारलेला प्रश्न एवढाच होता, "अरे, मला खरं सांग. माझ्याच मनानं माझे डोळे घालवले का? की मी मनापासून क्षमा केलीच नाही?"

या प्रश्नाच्या उत्तरासाठी हा लेखनप्रपंच. मन आणि शरीर यांचा संबंध आहे, हे कोणीही नाकारत नाही. परंतु 'संबंध आहे' या विधानापासून 'मनानेच रोग झाला व मनानेच तो बरा होईल' या विधानापर्यंतचे अंतर फार मोठे आहे. ते एका उडीत ओलांडले की काय होते, हे डोळ्यांच्या बाबतीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

भाषेतले डोळे

डोळे आणि भावना यांची सांगड आपल्या भाषेने केव्हाच घातली आहे. रागाने डोळे लाल होतात, भीतीने पांढरे होतात, दुःखाने डोळ्यांपुढे अंधारी येते, वाट पाहताना डोळ्यांत प्राण येतात. नकोशा गोष्टीकडे आपण डोळेझाक करतो. 'रडून रडून डोळे गेले' हे वाक्य तर प्रत्येक घरात कधी ना कधी उच्चारले गेलेले असते. पापणी लवली की शुभ की अशुभ याची चर्चा होते.

प्राचीन वैद्यकानेही हा संबंध नोंदवला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग वर्णिले असून त्यांच्या कारणांत धूर, धूळ, अवेळी झोप, उन्हातून येऊन एकदम पाण्यात उतरणे यांच्या जोडीला सततचे रडणे, क्रोध आणि शोक यांचाही उल्लेख आहे. पारंपरिक चिनी वैद्यकात यकृत हे क्रोधाचे स्थान आणि डोळे हे यकृताचे द्वार मानले गेले. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सुश्रुताने शोक हे अनेक कारणांपैकी एक मानले, एकमेव नव्हे. आणि मोतीबिंदूने दृष्टी झाकोळलेल्या रुग्णाला त्याने शोक आवरण्याचा उपदेश करून परत पाठवले नाही. शलाका हाती घेऊन डोळ्यातला अडथळा बाजूला सारण्याची शस्त्रक्रिया त्याने सांगितली.

न्यूयॉर्कचे डॉक्टर बेट्स

मनाचा ताण हेच दृष्टिदोषाचे मूळ कारण, हा आधुनिक सिद्धांत मात्र एका प्रशिक्षित नेत्रतज्ज्ञाचा आहे. विल्यम होरेशिओ बेट्स (१८६० ते १९३१) हे न्यूयॉर्कमधील डॉक्टर. १९२० साली त्यांनी चष्म्याविना दृष्टिदोष बरे करण्यावरचे आपले पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: जवळचे वा दूरचे पाहताना डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो, हे प्रस्थापित मत चुकीचे आहे. डोळ्याच्या खोबणीत बाहेरून जोडलेले स्नायू आवळले गेल्याने संपूर्ण नेत्रगोल लांबट वा चपटा होतो. मन ताणाखाली असले की हे स्नायू आखडतात व दृष्टी बिघडते. मन सैल सोडले की दृष्टी सुधारते, म्हणून चष्मा ही केवळ कुबडी होय. माणूस खोटे बोलतो त्या क्षणीही त्याच्या डोळ्यात तात्पुरता दृष्टिदोष निर्माण होतो, असाही त्यांचा दावा होता. तळहातांनी डोळे झाकून काळोखाची कल्पना करणे, शरीर डोलवत नजर फिरवणे, ऊन डोळ्यांवर घेणे हे त्यांचे उपाय. त्यांच्या दाव्यांची व्याप्ती पुढे मोतीबिंदू आणि काचबिंदूपर्यंत पोहोचली.

हा सिद्धांत तपासून पाहण्यासाठी प्रयोगशाळेतच जायला हवे असे नाही. आपल्यापैकी अनेकांनी आजोबांचा तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगांचा चष्मा पाहिला असेल. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सोय सर्वत्र नव्हती, त्या काळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढुळलेले भिंग काढून टाकत आणि त्याची उणीव त्या जाड चष्म्याने भरून काढत. दूरचे पाहण्यासाठी एक चष्मा आणि पोथी वाचण्यासाठी दुसरा, असे दोन चष्मे आजोबांना बाळगावे लागत. असे का? डोळ्याबाहेरचे स्नायू तर शाबूत होते. बेट्स म्हणतात त्याप्रमाणे ते स्नायूच जवळ-दूरचे नियंत्रण करत असते, तर एका चष्म्यात भागले असते. भिंग गेले आणि त्याबरोबर नजर जुळवून घेण्याची शक्तीही गेली, याचा अर्थ ती शक्ती भिंगातच होती.

इंग्लंडमधील थॉमस यंग या शास्त्रज्ञाने तर १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात स्वतःच्या डोळ्यावरील प्रयोगांनी हेच दाखवले होते. नेत्रगोल दोन्ही बाजूंनी पकडून ठेवल्याने त्याची लांबी बदलण्यास वाव उरला नाही, तरीही जवळ-दूरचे जुळवून पाहण्याची क्षमता कायम राहिली. पुढे १८५५च्या सुमारास हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी भिंगाभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूची क्रिया स्पष्ट केली. वयाच्या चाळिशीनंतर भिंगाचा लवचीकपणा ओसरतो व वाचायला चष्मा लागतो. मराठीने त्या चष्म्याला 'चाळिशी' असे नावच देऊन टाकले. पंचेचाळिशीच्या साऱ्याच माणसांना, आनंदी असोत वा कष्टी, हा चष्मा का लागतो, याचे उत्तर मनाच्या ताणाच्या सिद्धांतातून मिळत नाही.

हक्स्लींचे भिंग

तरीही बेट्स यांचा सिद्धांत टिकला आणि त्याला मोठे नाव लाभले ते आल्डस हक्स्ली यांच्यामुळे. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९११ साली, डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या दाहाने हक्स्ली जवळजवळ आंधळे झाले होते. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी बेट्स पद्धतीचे धडे घेतले आणि १९४२ मध्ये 'द आर्ट ऑफ सीइंग' हे पुस्तक लिहून त्या पद्धतीचा कैवार घेतला. दहा वर्षांनी, १९५२ साली, हॉलिवूडमधील एका मेजवानीत ते चष्म्याविना भाषण वाचत होते. श्रोते थक्क झाले. मध्येच ते अडखळले. मजकूर पाठ केलेला होता आणि पुढचे वाक्य आठवेना. कागद डोळ्यांजवळ, आणखी जवळ नेला, तरी अक्षर लागेना. अखेर त्यांनी खिशातून भिंग काढले. हा प्रसंग अमेरिकी प्रकाशक बेनेट सर्फ यांनी लिहून ठेवला आहे.

हक्स्ली खोटारडे होते, असा याचा अर्थ नाही. आपल्याला पूर्वीपेक्षा बरे दिसते, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. आणि यातच या पद्धतींच्या लोकप्रियतेचे रहस्य आहे. दृष्टी म्हणजे केवळ डोळ्यातील प्रतिमा नव्हे. ती प्रतिमा लावून घेण्याचे काम मेंदू करतो. पुसट अक्षरांवरून शब्द ओळखण्याचा सराव होतो. डोळे किंचित मिटून पाहिले की प्रतिमा रेखीव होते. अश्रूंचा पातळ थर क्षणभर भिंगासारखे काम करतो आणि चष्मा नसतानाही एकदम लख्ख दिसते. असे क्षण ज्याला येतात, त्याला उपाय लागू पडत असल्याची खात्री वाटते. परंतु नेत्रगोलाची लांबी मोजली तर ती जशीच्या तशी असते. डोळ्यांच्या व्यायामांविषयीच्या संशोधनाचा २००५ साली जो साकल्याने आढावा घेतला गेला, त्यातही चष्म्याचा नंबर अशा व्यायामांनी कमी होतो, याला विश्वासार्ह पुरावा आढळला नाही. नजर एकत्र आणण्यातील दोषासारख्या मोजक्या विकारांत तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम उपयोगी पडतात. ती गोष्ट वेगळी.

भारतात ही पद्धत रुजवली डॉ. आर. एस. अगरवाल यांनी. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'माइंड अँड व्हिजन' असे आहे. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील नेत्रविद्यालय त्यांच्याच प्रेरणेतून उभे राहिले. या परंपरेत बेट्स यांच्या व्यायामांना योगसाधनेची जोड मिळाली. डोळे झाकून स्वस्थ बसण्याने थकलेल्या डोळ्यांना आराम वाटतो, हे खरेच आहे. त्यात कोणाचे नुकसान नाही. नुकसान होते ते दोन ठिकाणी: उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावून दृष्टिपटल भाजून घेण्यात, आणि व्यायामावर विसंबून तपासणी टाळण्यात.

रूपकाचे निदान होते तेव्हा

बाईंच्या हाती पडलेल्या पुस्तिकेचा वंश मात्र निराळा. अमेरिकेतील लुईस हे (१९२६ ते २०१७) यांनी १९७६ साली एक लहान पुस्तिका काढली व १९८४ मध्ये 'यू कॅन हील युवर लाइफ' हे पुस्तक लिहिले. त्याची जगभर लक्षावधी प्रतींनी विक्री झाली. या पुस्तकात आजारांची एक यादी असून प्रत्येक आजारापुढे त्याचे मानसिक कारण दिलेले आहे. दूरचे न दिसणे म्हणजे भविष्याची भीती, जवळचे न दिसणे म्हणजे वर्तमानाची भीती, मोतीबिंदू म्हणजे पुढे आनंदाने पाहण्याची असमर्थता, काचबिंदू म्हणजे क्षमा न करण्याची वृत्ती आणि जुन्या जखमांचा दाब. लहान मुलांचे डोळे बिघडले तर घरात जे चालले आहे ते त्यांना पाहायचे नाही, असा अर्थ लावलेला आहे.

वाचताना हे विलक्षण पटते. का पटते? कारण ही सारी विधाने रूपके आहेत. आपल्या भाषेत 'पाहणे' म्हणजे 'समजणे', 'अंधार' म्हणजे 'निराशा' आणि 'दाब' म्हणजे 'मनावरचे ओझे'. रोगाचे नाव घ्यायचे, त्यातील शब्द मनाच्या भाषेत फिरवायचा, की निदान तयार! परंतु डोळ्यातील दाब हा शब्दाचा खेळ नाही. डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून तो निचरत असतो. निचरा मंदावला की दाब वाढतो. तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारणतः १० ते २१ हा नेहमीचा पल्ला. वाढलेल्या दाबाने दृष्टीच्या नसेतील तंतू हळूहळू मरतात. या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. काही रुग्णांत तर दाब नेहमीच्या पल्ल्यात असूनही नस झिजते. मग त्यांच्या मनात राग 'नेहमीच्या पल्ल्यात' होता, असे म्हणायचे काय?

आणि प्रत्येक माणसाच्या आयुष्यात कोणीतरी दुखावणारे भेटलेले असतेच. काचबिंदू झालेल्या शंभर जणांना विचारले तर शंभर जण जुन्या जखमा सांगतील. काचबिंदू न झालेल्या शंभर जणांना विचारले तरीही शंभर जण सांगतील. दुसऱ्या शंभरांना कोणी विचारत नाही, एवढेच.

आठवणींचा हा खेळ संशोधकांनाही चकवतो. डोळ्याच्या पारदर्शक पटलावर हर्पिस विषाणूचा संसर्ग होतो व तो पुनःपुन्हा उलटतो. मानसिक ताणाने तो उलटतो, असा रुग्णांचा व डॉक्टरांचाही समज होता. अमेरिकेत ३०० हून अधिक रुग्णांना दर आठवड्याला आपल्या ताणाची नोंद करायला सांगण्यात आले. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेळच्या वेळी केलेल्या नोंदींमध्ये ताण आणि आजार उलटणे यांचा संबंध आढळला नाही. आजार उलटल्यानंतर मागे वळून नोंदी भरणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आठवणींवर त्या आजाराची छाया पडलेली दिसली. दुखणे आले की आपण कारण शोधू लागतो आणि शोधणाऱ्याला ते सापडतेच.

मग ताणाचा काहीच संबंध नाही?

संबंध आहे. तो कोठे आणि किती, हे नेमके जाणून घेणे महत्त्वाचे.

पहिले उदाहरण साधेच. पापणी लवण्यामागे शुभाशुभ काही नसून ताण, जागरण आणि चहा-कॉफीचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणे आहेत. विश्रांतीने ते थांबते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर. दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली पाणी साचण्याचा 'सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपॅथी' नावाचा एक विकार आहे. तो प्रामुख्याने ३० ते ५० या वयातील पुरुषांना होतो. सरळ रेघा वाकड्या दिसतात, नजरेच्या मध्यभागी डाग येतो. १९८७ साली लॉरेन्स यानुझी यांनी सतत घाई व स्पर्धेच्या वृत्तीने जगणाऱ्यांमध्ये हा विकार अधिक आढळत असल्याचे दाखवले. ताणात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि या विकाराशी त्या जातीच्या द्रव्यांचे नाते आहे. स्टिरॉइड औषधे घेणाऱ्यांमध्ये तर त्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. बहुतेकदा तो काही महिन्यांत आपोआप ओसरतो. असा रुग्ण आला की नेत्रतज्ज्ञ आधी विचारतात ते हेच: स्टिरॉइडच्या गोळ्या, मलम, दम्याचा पंप काही चालू आहे काय? आणि झोप कशी आहे?

तिसरे उदाहरण मनाच्या सामर्थ्याचे आणि तितकेच करुण. कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीच्या (१९७५ ते १९७९) अत्याचारांतून वाचून कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे आलेल्या सुमारे १५० स्त्रियांना दिसेनासे झाल्याची नोंद १९८० च्या दशकात झाली. त्यांचे डोळे तपासले तर शारीरिक दोष दिसेना. आप्तांच्या हत्या डोळ्यांदेखत पाहिलेल्या या स्त्रिया सोंग करत नव्हत्या. फ्रॉइड यांनी १९१० सालीच मानसिक कारणांनी येणाऱ्या अंधत्वावर लिहिले होते. येथे मन खरोखरच दृष्टीवर पडदा ओढते. परंतु भेद हा की, अशा रुग्णांत बाहुली प्रकाशाला प्रतिसाद देते, नस आणि दृष्टिपटल निरोगी असते. हे डोळ्यांच्या रोगाचे उदाहरण नव्हे, डोळे निरोगी असतानाच्या अंधत्वाचे उदाहरण आहे. आणि हा भेद तपासणीनेच कळतो, अंदाजाने नव्हे.

चौथे उदाहरण काचबिंदूचेच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत (एम्स) काचबिंदूच्या ९० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांनी २१ दिवस रोज सुमारे तासभर ध्यान केले. त्यांच्या डोळ्यांतील दाब सरासरी १९ च्या आसपास होता, तो १३ च्या जवळ आला. रक्तातील कॉर्टिसॉलही घटले. ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे. परंतु या बातमीतील जो भाग पुढे सांगताना गळून पडतो तो असा की, ध्यान हे औषधाच्या जोडीला होते, औषधाऐवजी नव्हते. शिवाय तीन आठवड्यांत दाब उतरणे आणि दहा वर्षांनंतर दृष्टी टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेंबांविषयी ती दुसरी गोष्ट वर्षानुवर्षांच्या पाहणीने सिद्ध झालेली आहे. योग म्हणजे सर्वच हितकर असेही नव्हे. शीर्षासनात डोळ्यांतील दाब सुमारे दुप्पट होतो, असे चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली दाखवले. काचबिंदूच्या रुग्णांनी ते आसन टाळावे, असे डॉक्टर सांगतात ते त्यामुळेच.

त्याच २०१८ साली जर्मनीतील माग्डेबुर्ग विद्यापीठाचे बर्नहार्ड साबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानसिक ताण हा दृष्टी जाण्याचा परिणाम तर आहेच, पण तो तिचे कारणही असू शकतो, अशी मांडणी केली. वृत्तपत्रांतून ती 'ताणाने अंधत्व' अशा मथळ्यांनी गाजली. मूळ लेखात मात्र आणखी एक मुद्दा होता. डॉक्टरांचे कोरडे वा निराश करणारे बोलणे रुग्णाचा ताण वाढवते. म्हणून धीर देणे हा उपचाराचाच भाग मानावा. 'तुमचे डोळे जाणार' एवढेच सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावणाऱ्या डॉक्टरच्या दारातून माणूस बाहेर पडतो, तेव्हा त्याच्याशी तासभर बोलणारा शिबिरवाला त्याला देवासारखा वाटतो. आधुनिक वैद्यकाने याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

दोष कोणाचा?

मनाच्या सिद्धांताचे सर्वांत मोठे आकर्षण हे की, त्यात आशा आहे. रोग माझ्या मनाने आणला असेल तर तो घालवणे माझ्याच हाती आहे. पण याच नाण्याची दुसरी बाजू क्रूर आहे. रोग हटला नाही तर दोषही माझाच. क्षमा खोल गेली नाही, श्रद्धा अपुरी पडली. उपाय कधीच चुकत नाही, चुकतो तो रुग्ण. सहा वर्षांच्या मुलीला चष्मा लागला आणि 'घरात काही बिनसले आहे काय' असे कोणी विचारले, तर त्या आईच्या मनाला काय वाटेल? वस्तुतः लहानपणीच्या लघुदृष्टीत आनुवंशिकता आणि सतत जवळचे पाहणे यांचा वाटा असतो. मुले रोज मोकळ्या उजेडात अधिक वेळ खेळली तर तिचा धोका घटतो, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे त्या आईला देण्याजोगा खरा सल्ला उपलब्ध आहे, आणि त्यात दोषारोप नाही.

कायद्यानेही या क्षेत्रात काही मर्यादा घातल्या आहेत. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा १९५४ चा केंद्रीय कायदा अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू यांसारख्या विकारांवर औषध वा चमत्कारी उपाय असल्याच्या जाहिरातींना मनाई करतो. परंतु शेजारणीने प्रेमाने दिलेल्या पुस्तिकेला कोणता कायदा लागू होणार? तेथे आपली विवेकबुद्धीच कामी यायची.

ती कशी वापरावी? मन शांत ठेवण्याचा कोणताही मार्ग, मग ते ध्यान असो, नामस्मरण असो, सकाळचे फिरणे असो वा जिवलगांशी बोलणे, डोळ्यांसाठी उपचारांच्या जोडीला अवश्य घ्यावा. पण जो कोणी चालू औषध बंद करायला सांगतो, तपासणीची गरज नाही म्हणतो, किंवा रोगाचे कारण न तपासता रुग्णाच्या स्वभावात शोधतो, त्याच्यापासून दूर राहावे. चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब व दृष्टीची नस यांची तपासणी करून घ्यावी. आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर ती टाळू नये, कारण हा रोग घराण्यात उतरतो आणि सुरुवातीला काहीही जाणवत नाही. डोळ्यांपुढे एकाएकी विजा चमकू लागल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडू लागला, एका बाजूने पडदा सरकत आला, किंवा डोळा लाल होऊन तीव्र वेदनेसह दिव्यांभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर 'ताण असेल' म्हणून त्या दिवशी थांबू नये. अशा वेळी काही तासांच्या विलंबानेही दृष्टी गमवावी लागू शकते.

बाईंना मी एवढेच सांगितले, "बाई, तुमच्या मनानं काही केलेलं नाही. तुम्ही क्षमा केलीत ते चांगलंच झालं. पण डोळ्यातली जाळी तुंबली होती, तिला क्षमेचं कळत नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "मग आता थेंब रोज घालते. आणि ध्यानही करते. त्यानं झोप बरी लागते रे."

उरलेली दृष्टी आज टिकून आहे. तपासणीत डॉक्टरांनी घरातल्यांविषयी विचारले, तेव्हा बाईंनी साताऱ्याला राहणाऱ्या धाकट्या भावालाही आग्रहाने तपासणीला पाठवले. हसतमुख, कोणाशी कधी न भांडलेला माणूस. त्यांच्याही दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला निघाला. नस अजून शाबूत होती. त्याच रात्रीपासून त्यांचे थेंब सुरू झाले.